लाखेखालचं धान

मला अजबखान्याची देखरेख मिळाली ती माझी विद्वत्ता पाहून नव्हे, हे आधीच सांगून टाकते. गोंदियातल्या चार वजनदार माणसांच्या समितीला ती कटकट कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती, आणि मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण म्हणून मी नेमकी त्या इमारतीच्या समोर राहत होते. "स्कूल के बाद थोड़ा देख लिया करो, बहनजी," असं समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते तांदळाच्या गिरणीचे मालक. सगळं गाव त्यांना शेठजी म्हणायचं. थोडं थोडं बघता बघता त्यात माझी पाच वर्षं गेली आणि शेवटी मला तिथून काढून टाकलं. काढल्याचं मला दुःख नाही. ज्या कारणासाठी काढलं ते मी आजही चारचौघांत सांगते.

अजबखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पहिल्या खोलीत पेंढा भरलेला बिबट्या, त्याचा एक डोळा काचेचा आणि दुसऱ्याच्या जागी नुसतंच भोक. शिवाय तीरकमठे, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या, कुठकुठले दगड. दुसऱ्या खोलीत फक्त धान. भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीला बूच आणि बुचावर लाल लाखेचा शिक्का. कुण्या गोऱ्या जमाबंदी साहेबानं माझ्या जन्माच्या आधी गावोगाव फिरून ही धानं गोळा केली होती. लुचई, चिन्नोर, गुरमटिया, काळी कमोद. चिठ्ठीवर धानाचं नाव, गावाचं नाव आणि खाली ठळक अक्षरात साहेबाचं नाव. पेरणाऱ्याचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं. ते मला तेव्हा खटकलं नाही, खोटं कशाला बोलू.

माझ्या हाताखाली दोन माणसं. एक कारकून, अक्षर मोत्यासारखं, पण स्वभावानं इतके भित्रे की बिबट्याच्या खोलीत एकटे थांबायचे नाहीत. दुसरी शिपाईण. गोरेगावच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावची गोंड बाई. वयानं माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. दारं उघडणं-लावणं, झाडलोट, बरण्या पुसणं हे सगळं तिच्याकडे. कमरेच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला असायचा आणि तो ती रोज राखेनं घासायची.

बाजाराच्या दिवशी दुपारनंतर अजबखाना फक्त बायकांसाठी उघडा ठेवायचा, ही माझी कल्पना. "औरतें वहाँ क्या देखेंगी?" असं शेठजींनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं की बिबट्या पुरुषांनाच दिसतो असं कुठं लिहिलंय? मग त्यांनी नाद सोडला. त्या दिवशी कारकुनांना व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसवायचं आणि एकाही पुरुषाला आत सोडायचं नाही, असा नियम केला. खेड्यापाड्यांतल्या बायका बाजार आटोपून, टोपल्या घेऊन आत यायच्या. आमगावकडच्या तर गाडीची वेळ होईपर्यंत तिथंच पाय पसरून बसायच्या. आणि मी हातात छडी घेऊन त्यांना धानाच्या खोलीत भाषण द्यायचे.

भाषण असं, की पाहा, हे साहेबाच्या काळचं धान. बूच किती पक्कं लावलंय. इतकी वर्षं झाली तरी दाणा कसा टवटवीत आहे. जपून ठेवणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिका. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, बिबट्याच्या डोळ्याला हसताहेत. आदल्या वर्षी वरच्या कचेरीतून तपासनीस साहेब आले होते, त्यांनीही अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलं होतं, 'धान्यसंग्रहाचे जतन अनुकरणीय आहे.' तो कागद मी शाळेतल्या शिक्षिकांनाही नेऊन दाखवला होता.

मग लढाईच्या दिवसांतला तो ज्येष्ठ महिना आला. बिरसीला विमानं उतरवायची म्हणून तिथल्या काही बांध्या गेल्या होत्या. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. एका बाजाराच्या दिवशी बिरसीची एक बाई आली, सरळ तिसऱ्या फळीपाशी गेली आणि लाल कुसळाच्या धानाच्या बरणीसमोर उभी राहिली.

"यातलं मूठभर देता का मले?" तिनं मला विचारलं.

"हे पाहायचं असतं," मी म्हटलं. "द्यायचं नसतं."

"पाह्यलं ना मी. आमच्याच बांधीतलं होय ते. बांधीवर आता विमान उतरून राहिलं. मागच्या साली घरची बिजाई, पेराले ठेवलेली, खाऊन टाकली आमी, पोटाले काय देता? माह्या भावाची बांधी आहे आमगावकडे, तिथं पेरतो."

"अगं बाई, हे पन्नास वर्षांपूर्वीचं धान आहे. उगवायचं नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "पन्नास कायचे? दर साली नवं धान आणून मीच तर भरतो या बरणीत. मागच्या सालीच तेवढं जमलं नाही, म्हणून हे दोन सालाचं झालं. यंदा पेरलं नाही त मरते. मावशीनं सांगितलं नाही तुमाले?"

खोलीत आणखी दहा-बारा बायका होत्या. एकीलाही नवल वाटलेलं दिसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला, कारकुनांना आणि वरच्या कचेरीला.

बायका गेल्यावर मी मावशीला समोर उभं केलं. माझं डोकं तापलं की मला आवाज आवरत नाही. "बरण्या उघडायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी काऊन सांगाले पायजे?" ती शांतपणे म्हणाली. "मी आली तवा धानाले सोंडे लागले होते. आत नुसता भुसा. जिच्या गावचं धान, तिले मी आणाले सांगितलं. गोरेगावची लुचई आणते, आमगावची चिन्नोर आणते. जुनं ते घेऊन जातेत अन् पेरतेत."

"हा अजबखाना आहे, तुझ्या घरची धान भरायची ढोली नाही."

"बिजाई आहे ना बरनीत? बिजाई सालभर ठेवते, मंग पेरते, मंग नवी ठेवते. नाही त मरते. तुमी मेलेलं कायले दाखवता लोकायले?"

"आणि साहेबाचा शिक्का?"

तिनं पट्ट्यावरचा बिल्ला वर करून दाखवला. लाख तिच्या गावच्या जंगलातली, आणि शिक्का या बिल्ल्याचा. मी जवळ जाऊन बुचं पाहिली. सगळ्यात वरच्या फळीवरची एक बरणी सोडली, तर प्रत्येक लाखेवर बिल्ल्यावरची अक्षरं उलटी उमटली होती. पाच वर्षं मी त्याच लाखेकडे छडी दाखवून भाषणं ठोकत होते.

मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. राग तिच्या चोरीचा नव्हता, तिनं मला येडं बनवलं याचा होता, आणि हे कळायलाच मला चार दिवस लागले. घरी मी दोन ओली फडकी घेतली. एकात लाल कुसळाचे दाणे ठेवले. दुसऱ्यात सगळ्यात वरच्या फळीवरच्या एका बरणीतले, ज्याचं गावच आता धान पेरत नव्हतं आणि म्हणून मावशीला जे बदलता आलं नव्हतं. ती एकच बरणी खरी साहेबाची. लाल कुसळाला पांढरे मोड आले. साहेबाच्या धानाला नुसता कुबट वास आला. मी दोन्ही फडकी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि स्वतःशीच म्हटलं, बाई गं, शिकलीस ते सगळं चुलीत घाल.

आता हे गुपचूप चालू ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण लपवाछपवी मला जमत नाही. महिन्याच्या अहवालात मी सरळ लिहिलं की धानाचे नमुने दरवर्षी बदलले जातात, शिपाईण ते काम मन लावून करते, आणि देखरेख करणारी म्हणून मला ते योग्य वाटतं. अहवालाची नक्कल करताना कारकून मध्येच थांबले. "बाई, हे वाक्य गाळू का?" त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

आठव्या दिवशी तपासनीस साहेब हजर. बरोबर शेठजी. साहेब पुण्याकडचे, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. त्यांनी एकेक बूच भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हा सरळ सरळ अपहार आहे. मूळ नमुने नष्ट करून बाजारचं धान्य भरलेलं आहे."

मी अभिप्रायाची वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "मागच्या वर्षी आपणच लिहून गेलात, जतन अनुकरणीय आहे म्हणून. ते हिच्याच कामाबद्दल होतं."

त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी भराभर हुकूम सोडले. शिपाईण आजपासून कामावर नाही. तिनं नमुने चोरले असं मी सही करून द्यायचं, म्हणजे पोलिसांत देता येईल. आणि सोमवारी ते स्वतः येऊन उरलेल्या सगळ्या धानाला औषधाचा धूर देणार आणि आपल्या हातानं लाख लावणार, पुन्हा कधी न उघडण्यासाठी.

मावशी दारात उभी होती. "औषध मारल्यावर उगवते का ते?" तिनं विचारलं.

"उगवण्याचा प्रश्नच नाही. हे संग्रहालय आहे."

मावशीनं मान हलवली. कमरेचा पट्टा सोडला, बिल्ला पदरानं पुसला आणि टेबलावर ठेवला. एवढ्या वर्षांत मला कधी एवढी लाज वाटली नव्हती. तिची नाही, त्या खोलीत मी खुर्चीवर बसले होते आणि ती उभी होती याची.

"साइन कर दो बहनजी," शेठजी समजुतीनं म्हणाले. "एक अनपढ़ औरत के लिए अपना नाम क्यों ख़राब करती हो?"

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आणि तिला अनपढ म्हणू नका. या खोलीत काय लिहिलंय ते तिच्याएवढं आपल्यापैकी कुणालाच वाचता येत नाही."

सोमवारच्या आधी बाजाराचा दिवस येत होता. मी मावशीला निरोप धाडला, की शिपाईण म्हणून येऊ नकोस, बघायला म्हणून ये, आणि जिची जिची बरणी आहे तिला घेऊन ये.

त्या दुपारी अजबखान्यात इतक्या बायका आल्या की बिबट्याच्या अंगावर रेलून उभं राहावं लागलं. मी शाळेतली मोठी कात्री आणली होती. पहिली लाख मी स्वतः फोडली. बूच निघालं तसा धानाचा वास सुटला आणि बायका पुढं सरकल्या. मग मावशीनं एकेकीला पुढं बोलावलं. "तुही लुचई, घे. तुही कमोद, घे. पदर नीट धर." कुणी पदरात घेतलं, कुणी टोपलीतल्या पानात. नावं मी लिहून घेतली नाहीत. चोरी करायचीच तर याद्या कशाला?

मध्येच बाहेर शेठजींच्या मुनीमजींचा आवाज आला. आत कसली गडबड चालली आहे, असं ते विचारत होते. मी कात्री ठेवून दाराकडे निघाले. तेवढ्यात आमच्या कारकुनांचा बारीक पण ठाम आवाज ऐकू आला. "आज बायकांचा दिवस आहे. आत जाता येणार नाही. नियम आहे." मुनीमजी दोन-तीनदा काही बोलले. दर वेळी तेच उत्तर मिळालं. कारकुनांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

लाल कुसळाचं धान सगळ्यात शेवटी. बिरसीच्या बाईनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मावशीनं तिच्यात बरणी उपडी केली. जेमतेम दोन मुठी भरलं. ते तिनं पदराच्या गाठीत बांधलं. वाकून माझ्या पाया पडायला लागली, तर मी तिला दटावलं, की आधी गाडी गाठ.

सोमवारी तपासनीस साहेब औषधाची बाटली आणि लाखेची कांडी घेऊन आले. फळ्यांवर बरण्या नेहमीप्रमाणे ओळीनं मांडलेल्या होत्या, लख्ख पुसलेल्या, चिठ्ठ्या जागच्या जागी. आत काही नव्हतं. फक्त सगळ्यात वरच्या फळीवर साहेबाचं ते मेलेलं धान होतं.

"धान कुठे आहे?"

"पेरायला गेलं."

"कुणी नेलं?"

"ज्यांचं होतं त्यांनी. आता लावा लाख."

त्यांनी पोलिसांची धमकी दिली. मी म्हटलं, चला, आत्ताच जाऊ, फक्त अभिप्रायाची वही बरोबर घेऊ. शेठजींनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि पोलिसांची गोष्ट तिथंच मिटली. मला मात्र त्याच दिवशी किल्ल्या ठेवायला सांगितल्या. त्या कारकुनांकडे गेल्या. शाळेतूनही काढतील अशी तयारी ठेवली होती मी, पण दुसरी हेडमास्तरीण त्यांना मिळेना.

ते पाच-सहा महिने मला जड गेले. घराच्या खिडकीतून रोज समोर ती इमारत दिसायची. रस्त्यात लोक विचारायचे, "काऊन बाई, अजबखाना खाली करून टाकला म्हणे तुमी?" मी म्हणायचे, हो, केला. पण मनात एकच गोष्ट कुरतडत होती. धान आलंच नाही तर? पीक बुडालं, कुणी कंटाळलं, कुणी विसरलं, तर मग मी नेमकं काय केलं होतं?

मार्गशीर्षात चुरणी झाली, म्हणजे धान बैलांच्या पायांखाली घालून मळून झालं, तसं पहिल्याच बाजाराच्या दिवशी मी समोर गेले. कारकुनांनी बायकांचा दिवस बंद केला नव्हता. ते तसेच रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मला पाहून उठले आणि नुसतं "या," म्हणाले. आत गोरेगावची लुचईवाली आधीच उभी होती, पदराची गाठ सोडत. मग चिन्नोर आली, गुरमटिया आली, कमोद आली. कुणालाही आपली बरणी शोधावी लागली नाही. आणि मी पाहिलं तर प्रत्येक बरणीवर नवी चिठ्ठी होती, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. साहेबाचं नाव नव्हतं. धान, गाव, आणि 'पेरणारी' असं लिहून पुढं मोकळी जागा. आमच्या भित्र्या कारकुनांनी हे कुणालाही न विचारता केलं होतं.

बिरसीची बाई आली ती रिकाम्या हातानं. भावाच्या गावची बोडी, म्हणजे पाण्याचं लहान तळं, फुटली, पाणी वाहून गेलं आणि लावणी, आमच्याकडचा रोवणा, व्हायच्या आधीच कोवळी रोपं करपून गेली. एक लोंबी हाती लागली नाही. ती तिसऱ्या फळीपाशी गेली आणि रिकाम्या बरणीवर हात ठेवून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. साहेबाच्या लाखेखाली ते धान मेलं असतं, पण दिसलं तरी असतं, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. त्या क्षणी मी डगमगले, हे कबूल करते.

मावशी सगळ्यांच्या मागून आली. तिला यायला चालत पहाटेपासून दुपार झाली होती. आत आल्या आल्या तिनं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, आता आपण दोघीबी पाव्हण्या."

मग तिनं लुगड्याच्या ओच्यातून एक पुरचुंडी काढली आणि सोडली. लाल कुसळं होती.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"त्या दिवशी बरनीच्या तळाले चिमूटभर राह्यलं होतं. काढून घेतलं. घरी मातीच्या कुंडीत पेरलं, मंग बांधीच्या कोपऱ्यात लावलं."

"मला विचारलं नाहीस."

"तुमी लाखा फोडून राहिल्या होत्या. कायले तरास देऊ? आमच्याकडे एक बिजाई दोन घरी ठेवतेत. एका घरचं बुडते कधी कधी."

म्हणजे त्या अजबखान्यातली खरी चोरी तेवढी एकच होती, आणि ती तिनं माझ्या नाकासमोर केली होती. मी हसू लागले आणि हसता हसता रडले. बिरसीच्या बाईनं पदर पुढं केला. मावशीनं निम्मं धान तिच्या पदरात ओतलं आणि निम्मं बरणीत. मग सवयीनं आपल्या पदरानं ती बरणी पुसली आणि फळीवर चिठ्ठी पुढं येईल अशी फिरवून ठेवली.

दारात कारकुनांनी अभिप्रायाची वही पुढं केली. सगळ्या पाहुण्यांपुढं करायची असते, तो नियम. पानाच्या वरच्या बाजूला तपासनीस साहेबांचं ते 'जतन अनुकरणीय' होतं, खाली मोकळी जागा.

"काय लिहू?" कारकुनांनी मावशीला विचारलं.

"लिवा, धान जित्तं हाये."

त्यांनी तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता. मावशीनं शाईत अंगठा बुडवला आणि साहेबांच्या सहीच्या बरोबर खाली दाबून उठवला.